सहा उद्दिष्टे आणि तिसरीचा उंबरठा : मिसिसिपी राज्याच्या शालेय शिक्षणाचे प्रकरण

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी या राज्याच्या शिक्षण मंडळाने गेल्या दशकाच्या मध्यास सार्वजनिक शाळांसाठी जो पंचवार्षिक धोरणात्मक आराखडा राबवायला घेतला, त्यात सहा उद्दिष्टे आहेत. सर्व विद्यार्थ्यांनी सर्व विषयांत अपेक्षित पातळी गाठावी आणि दरवर्षी प्रगती दाखवावी. प्रत्येक विद्यार्थी शालान्त, म्हणजे बारावीपर्यंतचा, टप्पा पूर्ण करून महाविद्यालयासाठी किंवा व्यवसायासाठी सज्ज व्हावा. प्रत्येक बालकाला दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे. प्रत्येक शाळेत सक्षम शिक्षक आणि मुख्याध्यापक असावेत. माहितीची उत्तम यंत्रणा उभी राहून तिचा वापर व्हावा. आणि कोणत्याही शाळेची किंवा शालेय जिल्ह्याची, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक क्षेत्राची, श्रेणी (अ ते फ यांपैकी) ‘क’च्या खाली राहू नये. ही वाक्ये मिसिसिपीचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या आराखड्यात घातली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. सरकारी उद्दिष्टांची भाषा सगळीकडे अशीच गुळगुळीत असते. तरीही हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे, कारण या सहांपैकी एका उद्दिष्टाच्या एका छोट्या तुकड्यात या राज्याने असे काही करून दाखवले की, ज्या राज्याची शिक्षणातली जागा तळाशीच असते असे सारा देश गृहीत धरत होता, त्याच्याकडे इतर राज्यांचे अधिकारी शिकायला जाऊ लागले. तो तुकडा म्हणजे तिसरी संपेपर्यंत मुलाला वाचता येणे.

तळाच्या जागेला इतिहास आहे. मिसिसिपीची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, सार्वजनिक शाळांतील विद्यार्थी साडेचार लाखांच्या घरात, आणि त्यांतील जवळपास निम्मे कृष्णवर्णीय. देशातील सर्वांत गरीब राज्यांत त्याची गणना होते. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा राज्याने शाळा एकत्र करण्याऐवजी १९५६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच रद्द करून टाकला. १९६९ मध्ये याच राज्यातील होम्स काउंटीच्या खटल्यात न्यायालयाने आणखी मुदत देण्यास नकार दिल्यावर गोऱ्या कुटुंबांनी मोठ्या संख्येने खासगी शाळांचा रस्ता धरला. सार्वजनिक शाळा गरिबांच्या आणि काळ्यांच्या उरल्या, आणि ज्यांच्या हाती तिजोरी होती त्यांची मुले त्या शाळांत राहिली नाहीत. यानंतर शाळांना पैसा का कमी पडत गेला, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पहिली मोठी दुरुस्ती १९८२ च्या डिसेंबरात झाली. गव्हर्नर विल्यम विंटर यांनी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावून शिक्षण सुधारणा कायदा मंजूर करून घेतला. राज्यभर सार्वजनिक किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ष, शाळेतील सक्तीची हजेरी आणि नियुक्त सदस्यांचे राज्य शिक्षण मंडळ ही या कायद्याची देणगी. पुढे ज्या मंडळाने सहा उद्दिष्टे लिहिली, त्याचा जन्म इथला.

कायदा आधी, आराखडा नंतर

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारखांच्या क्रमात आहे. वाचनाविषयीचा कायदा २०१३ सालचा आणि सहा उद्दिष्टांचा आराखडा त्यानंतरचा. म्हणजे ध्येय ठरवून मग साधने शोधली असे घडले नाही. एक साधन आधी कायद्याने उभे राहिले आणि आराखडा त्याच्याभोवती लिहिला गेला. नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात क्रम याच्या उलट शिकवतात. माझ्या मते मिसिसिपीचे यश बऱ्याच अंशी या उलट्या क्रमातच आहे.

या कायद्याची प्रेरणा फ्लोरिडा राज्याकडून आली, जिथे २००२ पासून तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना चौथीत घालणे थांबवण्यात आले होते. मिसिसिपीचे तत्कालीन गव्हर्नर फिल ब्रायंट यांना लहानपणी वाचन-अक्षमतेचा त्रास होता आणि ते स्वतः तिसरीच्या वर्गात दोनदा बसले होते. आपल्याला त्या वेळी कोणी थांबवले नसते तर पुढे काय झाले असते, हा मुद्दा ते जाहीरपणे मांडत. राजकारण्याच्या आठवणीवरून धोरण ठरावे हे एरवी मला धोक्याचे वाटते. इथे मात्र त्या आठवणीला फ्लोरिडाचा दहा वर्षांचा अनुभव आणि मिसिसिपीतच एक तप चाललेले काम यांचा आधार होता. राज्याची राजधानी जॅक्सनचे रहिवासी आणि इंटरनेट ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीचे माजी प्रमुख जिम बार्क्सडेल आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी २००० साली दहा कोटी डॉलर देऊन वाचनशिक्षणासाठी एक संस्था उभी केली होती. शिक्षक वाचन कसे शिकवतात आणि शिक्षक घडवणारी महाविद्यालये त्यांना त्याविषयी काय शिकवतात, यातील दरी या संस्थेच्या कामातून राज्यासमोर आली होती.

कायद्याने ठरवले ते थोडक्यात असे. किंडरगार्टनपासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वाचनचाचणी वर्षातून तीनदा घ्यायची. मूल मागे पडलेले दिसले, तर पालकांना ते लेखी कळवायचे आणि मुलासाठी स्वतंत्र वाचन-योजना आखायची. तिसरीच्या अखेरीस राज्याच्या परीक्षेत किमान पातळी गाठली नाही, तर आणखी दोन संधी द्यायच्या, आणि तरीही जमले नाही तर मूल तिसरीतच राहील. अपवाद ठेवले होते: इंग्रजी नव्याने शिकणारी मुले, काही प्रकारचे अपंगत्व असलेली मुले, आधीच दोनदा मागे ठेवलेली मुले. २०१४–१५ पासून ही अट लागू झाली. सुरुवातीला केवळ सर्वांत खालच्या श्रेणीतील मुले अडत होती. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त करून ही पट्टी वर नेण्यात आली आणि २०१८–१९ पासून खालच्या दोन्ही श्रेणी अडू लागल्या.

बातम्यांत गाजले ते हे ‘तिसरीचे फाटक’. राज्याने खर्च मात्र त्याच्या अलीकडच्या रस्त्यावर केला. किंडरगार्टन ते तिसरीच्या शिक्षकांना वाचनाच्या विज्ञानाचे दीर्घ प्रशिक्षण २०१४ पासून सुरू झाले. त्यात ध्वनी ओळखणे, अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध, शब्दसंपत्ती, आकलन अशी क्रमवार मांडणी होती. सर्वांत कमकुवत शाळांत राज्याच्या शिक्षण विभागाने वाचन-प्रशिक्षक पाठवले. या प्रशिक्षकांची निवड, नेमणूक आणि पगार राज्याकडे होते, शालेय जिल्ह्याकडे नव्हते. त्यामुळे शाळेत एखादा शिक्षक गैरहजर असला म्हणून त्याच्या वर्गावर प्रशिक्षकाला बसवता येत नसे, कचेरीतील कागद त्याच्या अंगावर टाकता येत नसत, आणि मुख्याध्यापकाची मर्जी सांभाळण्याचेही त्याला कारण नव्हते. वर्गात बसणे, धडा करून दाखवणे आणि नंतर शिक्षकाशी बोलणे एवढेच त्याचे काम. राज्याच्या साक्षरता संचालक किमियोना बर्क यांनी या प्रशिक्षकांची फळी उभी केली, आणि २०१३ च्या अखेरीस वॉशिंग्टनहून आलेल्या राज्य शिक्षण अधीक्षक केरी राइट यांनी जवळपास नऊ वर्षे, २०२२ च्या जूनपर्यंत, त्या फळीला संरक्षण दिले. २०१६ पासून प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला वाचन-अध्यापनाच्या पायाची स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले, त्यामुळे महाविद्यालयांनाही आपला अभ्यासक्रम बदलावा लागला.

या सगळ्याचा खर्च किती, तर स्थिरावल्यावर वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर. शाळांवर राज्य दरवर्षी दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करते. त्यात ही रक्कम एका टक्क्याहूनही कमी आहे.

आकडे काय सांगतात

अमेरिकेत राज्यांची तुलना राष्ट्रीय शैक्षणिक प्रगती मूल्यांकन या परीक्षेवरून होते. राज्याला यात प्रश्नपत्रिका बदलता येत नाही, गुण वाढवता येत नाहीत, आणि मुलांवर या परीक्षेचे कोणतेही ओझे नसते. चौथीच्या वाचनात मिसिसिपीची सरासरी २०१३ मध्ये (० ते ५०० या मापावर) २०९ होती. देशातील सार्वजनिक शाळांची २२१. त्यानंतर मिसिसिपी २१४, २१५ असे चढत २०१९ मध्ये २१९ वर पोहोचले, आणि देशाची सरासरीही त्या वर्षी २१९ च होती. महासाथीनंतर २०२२ मध्ये २१७ आणि २०२४ मध्ये पुन्हा २१९. क्रमवारीत हे राज्य २०१३ मध्ये ४९ वे होते, २०१९ मध्ये २९ वे आणि २०२४ मध्ये ९ वे.

इथे वाचकाने थोडे थांबावे. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी गुण तेच, २१९. तरी क्रमांक २९ वरून ९ वर आला. याचा अर्थ या पाच वर्षांत मिसिसिपी वर चढले नाही, बाकीची राज्ये खाली आली. देशाची सरासरी २१४ वर घसरली होती. पडत्या काळात टिकून राहणे हेही लहान काम नव्हे. परंतु ‘मिसिसिपीचा चमत्कार’ असे मथळे देणाऱ्यांनी खरी चढण २०१३ ते २०१९ या सहा वर्षांतली आहे हे क्वचितच सांगितले.

दुसरा आक्षेप अधिक मुळातला आहे. कमकुवत मुलांना तिसरीतच रोखले तर चौथीच्या परीक्षेला बसणारा वर्ग आपोआप बरा दिसणार, असे टीकाकार म्हणतात. दरवर्षी तिसरीतील साधारण आठ ते दहा टक्के मुले मागे राहिली, म्हणजे आक्षेप पोकळ नाही. त्याला उत्तरे दोन आहेत. एक म्हणजे ही मुले नाहीशी होत नाहीत. पुढच्या वर्षी ती चौथीत येतात आणि परीक्षेच्या नमुन्यात सामील होतात, वयाने मात्र एक वर्ष मोठी होऊन. म्हणून काही लाभ या अधिकच्या वर्षाचा असणार हे मान्य करावे लागते. दुसरे म्हणजे बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४–१५ मध्ये काठावर नापास झालेल्या आणि काठावर पास झालेल्या मुलांची सहावीपर्यंत तुलना केली, तेव्हा मागे ठेवलेल्या मुलांचे सहावीतील भाषेचे गुण बरेच अधिक निघाले, आणि हा फायदा मुख्यतः कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांना झाला होता. मात्र त्यांना मिळाले ते नुसते तेच वर्ष पुन्हा नव्हते. रोजचे जादा वाचन आणि प्रशिक्षित शिक्षक त्या वर्षासोबत आले होते. फाटक आणि रस्ता यांपैकी कशाचा वाटा किती, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

तिसरी अडचण माझ्या स्वतःच्या मांडणीला आहे. चौथीच्या गणितातही मिसिसिपी २०१३ मधील २३१ वरून २०१९ मध्ये २४१ वर गेले, आणि गणितासाठी असा कोणताही कायदा, असे फाटक, अशी प्रशिक्षकांची फळी नव्हती. या काळात अभ्यासक्रमाचे निकष कडक झाले, राज्याची परीक्षा बदलली, शाळांना अ ते फ अशा श्रेणी देणे सुरू झाले. शिवाय शाब्दिक उदाहरण सोडवायला आधी ते वाचता यावे लागते. तेव्हा सगळे श्रेय वाचनाच्या कायद्याला देणे चूक ठरेल.

उरलेली उद्दिष्टे

शालान्त टप्पा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण दशकभरात सुमारे पंचाहत्तर टक्क्यांवरून नव्वदीच्या जवळ गेले. हा आकडा देखणा आहे, पण तो शाळा स्वतः देतात आणि उत्तीर्ण होण्याचे मार्गही याच काळात वाढवले गेले, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. पूर्वप्राथमिक शिक्षणाचे उद्दिष्ट मात्र वाचनाच्या खालोखाल बरे चालले. त्यालाही २०१३ चाच वेगळा कायदा होता. शाळा, हेड स्टार्ट ही केंद्र सरकारची योजना आणि खासगी बालवाड्या यांनी एकत्र येऊन चार वर्षांच्या मुलांचे वर्ग चालवायचे आणि राज्याने त्यांना निधी द्यायचा. सुरुवात तीस लाख डॉलरने झाली. छोटी सुरुवात, ठरलेला दर्जा आणि टप्प्याटप्प्याने विस्तार ही इथली रीत होती.

‘प्रत्येक शाळेत सक्षम शिक्षक’ हे उद्दिष्ट सर्वांत रखडले. राज्याच्या वायव्येकडील डेल्टा भागातील गरीब, ग्रामीण शाळांना शिक्षकच मिळत नाहीत, आणि शिक्षक-टंचाईवर या राज्याने खास कायदा केला तो १९९८ साली, म्हणजे आराखड्याच्या कितीतरी आधी. पगार देशात तळाशी. २०२२ मध्ये सरासरी पाच हजार डॉलरहून अधिक वाढ झाली, ती राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी. पण दरम्यान शेजारची राज्येही पगार वाढवत होती. शाळांना किती निधी द्यायचा याचे सूत्र १९९७ मध्ये कायद्याने ठरले होते आणि ते पूर्ण रकमेने फक्त दोनदा पाळले गेले. २०१५ मध्ये पूर्ण निधी सक्तीचा करावा यासाठी जनमत घेण्यात आले, ते हरले. शेवटी २०२४ मध्ये ते सूत्रच बदलण्यात आले. मंडळ शिक्षकांविषयीचे उद्दिष्ट लिहू शकते, पण त्यासाठी लागणारा पैसा विधिमंडळाच्या हातात असतो, आणि आराखड्यातील वाक्य विधिमंडळाला बांधत नाही.

सहावे उद्दिष्ट, म्हणजे ‘क’च्या खाली एकही शाळा नको, हे मुळात उद्दिष्ट म्हणावे की नाही याचीच मला शंका आहे. श्रेणी ही तापमापकासारखी असते, आणि ताप उतरावा हे औषध होत नाही. वारंवार नापास ठरणारे शालेय जिल्हे राज्याने ताब्यात घेण्याचा मार्ग अवलंबला. २०१९ मध्ये याझू सिटी आणि हम्फ्रीज काउंटी हे दोन जिल्हे एका वेगळ्या राज्यस्तरीय जिल्ह्यात घातले गेले. स्थानिक लोकांच्या हातून कारभार काढून घेणे हे ज्या भागात कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्कच उशिरा मिळाला तिथे किती बोचणारे असेल, याचा विचार या उद्दिष्टाच्या शब्दांत कुठेच दिसत नाही.

आपल्याकडून पाहताना

भारतात निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि तिसरीपर्यंत पायाभूत वाचन व संख्याज्ञान हे लक्ष्य २०२६–२७ साठी ठेवले गेले. तिसरीचा तोच उंबरठा, त्यामुळे मिसिसिपीचे नाव आपल्याकडच्या चर्चांतही येऊ लागले आहे. उसनवारी करताना दोन ठिकाणी सावध राहावे लागेल. तिथले ‘वाचनाचे विज्ञान’ बरेचसे इंग्रजी वर्णलेखनाच्या गोंधळावरचे उत्तर आहे, जिथे एकच अक्षर पाच प्रकारे उच्चारले जाते. देवनागरीत अक्षर आणि ध्वनीचे नाते पुष्कळ सरळ आहे. मराठी मूल अडते ते मात्रांवर, जोडाक्षरांवर आणि त्याहून अधिक घरच्या बोलीत व पुस्तकाच्या भाषेत असलेल्या अंतरावर. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलासमोर प्रश्न आधी भाषेचा उभा राहतो, लिपीचा नंतर.

दुसरे ठिकाण ढकलपासचे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राने २०२३–२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. पाचवीला फाटक आणि तिसरीला रस्ता, ही मिसिसिपीच्या रचनेची नक्कल ठरत नाही. तिथे दोन्ही एकाच ठिकाणी होते, आणि अडलेल्या मुलाचे पुढचे वर्ष कसे जाईल हे कायद्यातच लिहिलेले होते. आपल्याकडे वाचन-प्रशिक्षकाच्या जवळ जाणारे पद केंद्रप्रमुखाचे. त्या पदाची कल्पना मुळात शैक्षणिक मार्गदर्शनाचीच होती, पण प्रत्यक्षात केंद्रप्रमुखाचा दिवस माहिती गोळा करण्यात, बैठकांत आणि वरून आलेल्या तक्त्यांत जातो, आणि कित्येक पदे रिकामीच असतात.

मिसिसिपीच्या आकड्यांतील एक जोडी अजून सांगायची राहिली आहे. आठवीच्या वाचनात या राज्याची सरासरी २०१३ मध्ये २५३ होती, २०१९ मध्ये २५६ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा २५३ वर आली. देशाची सरासरी याच काळात २६६ वरून २५७ पर्यंत घसरली, म्हणून अंतर कमी दिसते. पण अकरा वर्षांनंतर राज्य आपल्या जुन्याच जागी आहे. २०२४ मध्ये आठवीत असलेली बहुतेक मुले २०१८–१९ मध्ये तिसरीत होती. म्हणजे उंचावलेल्या पट्टीखालून गेलेली ही पहिली तुकडी. चौथीचे वर्ष अर्ध्यावर असताना, २०२० च्या मार्चमध्ये, त्यांच्या शाळा बंद झाल्या. पाचवीपासून पुढे त्यांच्या वर्गात ना राज्याचे प्रशिक्षक होते, ना वर्षातून तीनदा होणारी वाचनचाचणी, ना पालकांना जाणारे पत्र. सहा उद्दिष्टांपैकी पहिले मात्र त्यांनाही लागू होते.